देव घरात आहे, मग चर्चला कशाला?

पत्र : आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. यजमान सातपूर एमआयडीसीत नोकरीला आहेत, नाशिकला येऊन दोन वर्षं झाली. गावाकडे आमचं चर्च सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), जुन्या अमेरिकन मिशनचं. इथे आल्यावर एका मोठ्या चर्चला एकदा गेलो होतो. कोणी 'कुठून आलात' एवढंसुद्धा विचारलं नाही. तेव्हापासून रविवारी मोबाइलवर उपासना लावतो. यजमान म्हणतात, चर्च म्हणजे काही इमारत नाही, देव घरातही आहे. सासूबाई आमच्याकडेच असतात. गुडघ्यांमुळे त्यांना जिना उतरवत नाही, पण नातीचा बाप्तिस्मा कधी, हे रोज विचारतात. मुलगी आता वर्षाची होईल. शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका फ्लॅटमध्ये फेलोशिप, म्हणजे स्वतंत्र प्रार्थनामंडळ, भरते, ते लोक फार आग्रह करतात. कुठल्या तरी चर्चचं सभासद व्हायलाच हवं का? कसं व्हायचं? आणि पैसे किती द्यावे लागतात?
– एक वाचक, सातपूर

ताई, जय ख्रिस्त.

तुमचे यजमान म्हणतात त्यात खोटं काही नाही. पहिल्या दोन शतकांत ख्रिस्ती लोकांकडे म्हणावी अशी इमारत नव्हतीच. ते एकमेकांच्या घरी जमायचे. उत्खननात सापडलेलं आणि नक्की ओळखता येणारं सगळ्यांत जुनं चर्च सीरियात युफ्रेटिस नदीकाठी, दुरा-युरोपोस इथलं, साधारण इ. स. २४० चं. तेही मुळात राहतं घरच. मधली भिंत काढून जमण्यासाठी मोठी खोली केलेली, आणि दुसऱ्या एका खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड.

पण यावरून 'मग घरी बसलं तरी चालेल' हे कुठून निघतं? इमारत नसताना ती माणसं जास्तच नेमाने जमत होती. तेव्हा रविवार हा कामाचा वार होता. त्या दिवशी सुट्टी असावी असा हुकूम रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने काढला तो ३२१ साली. त्याआधी दोनशेहून अधिक वर्षं लोक उजाडायच्या आत जमायचे आणि मग कामाला जायचे. ११२ च्या सुमारास एका रोमन सुभेदाराने सम्राटाला कळवलं होतं की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी एकत्र येतात आणि ख्रिस्ताची गीतं गातात. शिफ्टमुळे रविवार हातचा जातो म्हणून यजमान कुरकुरत असतील, तर हे त्यांना जरूर सांगा.

त्या जमण्यात काय व्हायचं, तेही लिहून ठेवलेलं आहे. १५५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिन नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाने सम्राटाला उद्देशून लिहिलं : शहरातले आणि खेड्यांतले सगळे रविवारी एका जागी येतात. प्रेषितांची आणि संदेष्ट्यांची लिखाणं वेळ असेल तोवर वाचली जातात. प्रमुख त्यावर बोलतो. सगळे उभे राहून प्रार्थना करतात. भाकर आणि द्राक्षारस आणला जातो, उपकारस्तुती होते, वाटप होतं. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे त्यांचा वाटा सेवक घेऊन जातात. ज्यांना शक्य आहे ते स्वखुशीने पैसे देतात, आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावाहून आलेले यांची काळजी घेतली जाते.

यातली शेवटची दोन कामं मोबाइल करू शकत नाही. स्क्रीनवर प्रवचन ऐकू येतं, गीतं ऐकू येतात, कधीकधी आपल्या पाळकांपेक्षा चांगलं प्रवचनही मिळतं, हे मान्य. पण तुम्ही आला नाहीत हे त्या प्रवचनकाराला कळत नाही. तुमच्या घरात कोणाचे गुडघे दुखतात हे त्याला ठाऊक नाही. आणि परगावाहून आलेलं दुसरं एखादं कुटुंब तुमच्या शेजारच्या बाकावर बसलं, तर त्यांना 'कुठून आलात' हे तुम्हीही विचारू शकत नाही. श्रद्धावंतांसाठी चर्च म्हणजे ही ओळखीची, बांधलेली माणसं : एका बाप्तिस्म्याने एकमेकांच्या गळ्यात पडलेली, निवडून न घेतलेली. नव्या करारात प्रेषित पौल या मंडळीला ख्रिस्ताचं शरीर म्हणतो. डोळ्याने हाताला 'तुझी गरज नाही' म्हणायचं नाही, हे त्यातलं मर्म, आणि नको असलेल्या माणसांच्या बाबतीत ते पाळायला सगळ्यांत जड जातं.

प्रभुभोजनाकडे, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या त्या विधीकडे, बघा. ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीत श्रीमंत लोक लवकर येऊन खाऊन-पिऊन घ्यायचे, आणि राबून उशिरा येणारे उपाशी राहायचे. साधारण ५५ साली पौलाने त्यांना याबद्दल चांगलंच झापलं, आणि एकमेकांसाठी थांबा, असं बजावलं. आपण प्रभुभोजनाआधी आत्मपरीक्षण करतो ते याच पत्रातल्या सूचनेवरून. पण त्या सूचनेमागचा हा प्रसंग विसरला जातो, आणि परीक्षण फक्त 'माझी खासगी पापं' इथवर येऊन थांबतं. घरी बिस्किट आणि सरबत घेऊन पडद्यासमोर बसणं म्हणूनच मुख्य प्रवाहातल्या मंडळ्यांना पटत नाही : थांबायला समोर कोणीच नसतं. कॅथलिकांचा नियम तर पदार्थांबाबतही काटेकोर आहे. भाकर गव्हाचीच आणि द्राक्षारस द्राक्षाचाच हवा. सीएनआयमध्ये आणि इतर प्रोटेस्टंट मंडळ्यांत बऱ्याच ठिकाणी न आंबवलेला द्राक्षरस वापरतात. नाशिककरांना द्राक्षं मिळण्याची अडचण नाही, तेवढं बरं आहे.

आता 'कोणी विचारलं नाही' याबद्दल. ते कुठलं चर्च, हे तुम्ही लिहिलं नाही, बरं केलंत. चूक त्यांचीच. नव्या माणसाला न विचारणारी मंडळी आपलं पहिलं काम चुकवते. पण असं का होतं, तेही समजून घ्या. जुन्या चर्चमध्ये तीन-तीन, चार-चार पिढ्यांची घराणी ठरलेल्या बाकांवर बसतात. अनोळखी कुटुंब दिसलं की प्रत्येकाला वाटतं, कोणाकडे तरी पाहुणे आले असतील. मोठ्या चर्चमध्ये हे जास्त होतं. आणि तुम्ही, बहुतेक, शेवटच्या बाकावर बसलात आणि आशीर्वाद झाल्याबरोबर निघालात.

नाशिकमध्ये असं व्हावं हे जरा खुपतंच. इथली जुनी मंडळी उभी राहिली ती परक्यांना घेऊनच. शरणपूर रोडवरून तुम्ही जाता-येता. ते शरणपूर म्हणजे चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात वसवलेली ख्रिस्ती वस्ती. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तिथे आसरा मिळाला, शिक्षण मिळालं, हाताला कसब मिळालं. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये आफ्रिकेच्या आत खोलवर मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा त्यांचं हृदय तिथेच पुरताना अंत्यविधीचा पाठ याने वाचला, आणि पुढे तो त्यांच्या पार्थिवासोबत थेट लंडनपर्यंत गेला. ज्याला घर, गाव, नातं काही उरलं नव्हतं त्याला नाशिकच्या मंडळीने हे वाचायला शिकवलं होतं. नगरहून आलेल्या कुटुंबाला बसायला जागा करून देणं त्यामानाने सोपं असायला हवं.

तेव्हा पुन्हा जा, पण या वेळी वेगळ्या पद्धतीने. आधी आठवड्यात एकदा चर्चच्या ऑफिसला किंवा पाळकांना फोन करून सांगा : आम्ही अमुक गावचे, सीएनआयचे सभासद, सातपूरला राहतो, या रविवारी येतोय. उपासनेच्या पंधरा-वीस मिनिटं आधी पोहोचा आणि मधल्या बाकांवर बसा. जाहिरातींच्या, म्हणजे सूचनांच्या, वेळी 'कोणी नवीन आलंय का' असं विचारलं तर संकोच न करता उभं राहा. उपासना संपल्यावर अर्धा तास थांबा. खरी ओळख आवारातच होते. तुमच्या भागातली घरगुती प्रार्थनासभा कोणत्या वारी आणि कोणाकडे असते, तेही विचारून ठेवा. सातपूर, अंबड, सिडकोकडच्या कुटुंबांना रविवारचं अंतर जड जातं, त्यामुळे ओळखी मुरतात त्या या घरगुती सभांत. एका रविवारवरून मत बनवू नका. निदान नाताळ ते ईस्टर असा एक टप्पा जाऊ द्या, मग ठरवा.

उपासना तुम्हाला थोडी परकी वाटण्याचा संभव आहे, त्याला एक साधं कारण आहे. नगरकडे अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून काम केलं. त्यांची पद्धत साधी : गीतं, शास्त्रवाचन, उत्स्फूर्त प्रार्थना, लांब प्रवचन. शरणपूरचं काम अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतलं, त्यामुळे छापील उपासनाक्रम, पाळकांनी एक ओळ म्हणायची आणि मंडळीने उत्तर द्यायचं, गुडघे टेकायचे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा परंपरा एकत्र येऊन सीएनआय झालं, तेव्हा हे दोन्ही प्रवाह एका छत्राखाली आले. पण वळणं अजून टिकून आहेत. पुस्तक हातात घ्या, शेजाऱ्याला पान विचारा. पापांगीकार (पापांची कबुली), जुना करार, स्तोत्र, पत्र, उभं राहून शुभवर्तमान, प्रवचन, मतांगीकार (श्रद्धेची कबुली), मध्यस्थीच्या प्रार्थना, अर्पण, असा साधारण क्रम असतो. चार-पाच रविवारांत तोंडपाठ होतो.

सभासद होण्यासाठी तुम्हाला नव्याने काही सिद्ध करायचं नाही. गावच्या पाळकांकडून सभासदत्व बदलीचं पत्र आणायचं. त्यात घरातल्या प्रत्येकाचं पूर्ण नाव, बाप्तिस्म्याची तारीख, दृढीकरण (मोठेपणी स्वतः श्रद्धा कबूल करण्याचा विधी) झालं असेल तर त्याची तारीख, लग्नाची तारीख आणि वर्गणी कुठल्या महिन्यापर्यंत भरली आहे, एवढं असावं. सही आणि चर्चचा शिक्का बघून घ्या. घोळ होतो तो नावांत. गावच्या रजिस्टरमध्ये बाप्तिस्म्याचं नाव एक, आधारवर दुसरं. जुन्या नोंदींत आडनावच नाही, नुसतं वडिलांचं नाव. असं असेल तर पत्रातच 'अमुक उर्फ तमुक' लिहून घ्या. पुढे मुलांच्या लग्नाच्या वेळी नोंदी जुळवत बसण्यापेक्षा आत्ताचे दोन हेलपाटे परवडले. इथे मूळ पत्र सेक्रेटरींकडे देऊन पोच घ्या, झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. मग पास्टोरेट कमिटीच्या, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीच्या, बैठकीत नाव मंजूर होतं.

सभासदत्वाचा प्रश्न बऱ्याच घरांत निघतो तो नेमका मयतीच्या दिवशी. दफनभूमीत जागा, पाळकांनी विधी करणं, हे बहुतेक ठिकाणी सभासद नोंदीवर चालतं, आणि त्या दिवशी पत्र आणायला गावी कोणी जाऊ शकत नाही. घरात वयस्कर सासूबाई आहेत म्हणून स्पष्टच लिहितोय.

मुलीच्या बाप्तिस्म्याकडे येऊ. हॉल ठरवून, जेवणाची ऑर्डर देऊन मग पाळकांना तारीख विचारणं, हा क्रम उलटा आहे आणि रुसवेफुगवे इथेच सुरू होतात. आधी पाळकांना भेटा. ते तुम्हा दोघांना एक-दोनदा बसवून वचनांचा अर्थ सांगतील, कारण बाळाच्या वतीने तुम्ही वचन देता. त्याच वेळी जमलेली सगळी मंडळी या लेकराला वाढवण्याची जबाबदारी घेते, आणि म्हणून बाप्तिस्मा शक्यतो रविवारच्या उपासनेत, सगळ्यांसमोर करतात. उपवासकाळात, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, बरेच पाळक असा समारंभ टाळतात. तारखा बघताना हे धरा. धर्ममातापिता (गॉडपेरेंट्स) स्वतः बाप्तिस्मा घेतलेले हवेत. त्यांची निवड अहेराकडे बघून करू नका. मुंबईच्या मामापेक्षा मुलीला रविवारी हाताला धरून संडे स्कूलला नेणारी नाशिकमधली बाई जास्त उपयोगाची. जन्माचा दाखला महापालिकेचा, बाप्तिस्म्याचा दाखला चर्चचा. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही, पण दोन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच असू द्या.

आणि तुमच्या मनात 'मोठी झाल्यावर तिनेच ठरवावं' असं असेल, तर तेही सीएनआयमध्ये बसतं. एकत्र आलेल्या सहा परंपरांत फक्त मोठेपणीचाच बाप्तिस्मा मानणारे बॅप्टिस्टही होते, म्हणून बालबाप्तिस्मा आणि मोठेपणी श्रद्धा कबूल करून घेतलेला बाप्तिस्मा, दोन्ही मान्य आहेत. अशा वेळी आत्ता बाळाला अर्पण करून आशीर्वाद घेता येतो. सासूबाईंना ते पचणं अवघड, पण निर्णय तुम्हा दोघांचा. एकच गोष्ट करू नका : एकदा पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा झाला की तो पुन्हा घ्यायचा नाही. सीएनआय काय, कॅथलिक काय, दोघांचंही यावर एकमत आहे.

फ्लॅटमधल्या फेलोशिपमध्ये हाच मुद्दा निघेल. तुमचा लहानपणचा बाप्तिस्मा धरत नाही, पाण्यात बुडून पुन्हा घ्या, असं बऱ्याचदा सांगितलं जातं. घरात जमतात म्हणून त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. सुरुवात घरांतूनच झाली, हे वर आलंच. बायबल वाचायला, प्रार्थनेला जरूर जा. आधी थोडी चौकशी करा. पाळक कोणाला जबाबदार आहेत? अर्पणाचे पैसे संस्थेच्या खात्यात जातात की एका माणसाच्या यूपीआयवर? आजारात 'विश्वास ठेवा, गोळ्या बंद करा' असं सांगतात का? घरच्यांशी, जुन्या मंडळीशी संबंध तोडायला लावतात का? शेवटच्या दोनपैकी एकाचंही उत्तर 'हो' असेल तर त्या घराची पायरी चढू नका. शिवाय १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार लग्न लावण्याचा अधिकार कोणालाही नसतो; स्वतंत्र फेलोशिपच्या पाळकांकडे सरकारी परवाना लागतो. आज तुमचा विषय तो नाही, पण विचारून ठेवायला काय हरकत आहे.

पैशांचं थोडक्यात. दशांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, हा अनेकांचा नेम आहे, पण कोणी तुमची पगाराची स्लिप मागत नाही. रविवारच्या थैलीत ऐपतीप्रमाणे. मासिक वर्गणी झेपेल तेवढी, पण ठरवलेली आणि नियमित. कापणीच्या सणाला आणि नाताळला कृतज्ञतादान. वर्गणीची पावती घ्या. वार्षिक सभेत मत द्यायचा हक्क बऱ्याच ठिकाणी वर्गणी भरलेली असण्यावर असतो. त्या सभेला जा, हिशेब वाचला जातो तेव्हा प्रश्न विचारा. भांडणं दिसतील. पास्टोरेट कमिटीची निवडणूक पाहिली की ग्रामपंचायतीची शांत वाटावी, अशी परिस्थिती काही ठिकाणी आहे, आणि चर्चच्या जमिनींचे वाद कोर्टात वर्षानुवर्षं पडून असतात. मंडळीला पवित्र म्हणायचं ते ज्याची ती आहे त्याच्यामुळे. तिथल्या माणसांच्या वागण्याची ती हमी नव्हे. हे आधीच ठाऊक असलं की पहिल्या भांडणात माणूस चर्च सोडून जात नाही.

सासूबाईंना जिना उतरवत नाही म्हणून त्यांनी प्रभुभोजनाला मुकायचं कारण नाही. पाळकांना सांगितलं तर ते घरी येऊन देतात. ती त्यांची सेवाच आहे, उपकार नाही. स्वच्छ चादर घातलेलं छोटं टेबल, एक बायबल, एवढीच तयारी. वार ठरवून घ्या आणि शेजारच्या एक-दोन ख्रिस्ती घरांनाही बोलवा, म्हणजे ते भोजन चार माणसांत होईल. रविवारचं मोबाइल प्रक्षेपण त्यांच्यासाठी चालू राहू द्या. ते अशाच माणसांसाठी आहे.

राहता राहिले यजमान. त्यांच्याशी वाद घालू नका, वर सांगितलेला इतिहासही एकदाच सांगा. त्यांना काम मिळवून द्या. एमआयडीसीतल्या माणसाला वायरिंग, मोटार, मायक्रोफोन यातलं थोडंफार कळतं, आणि ऐन शास्त्रवाचनाच्या वेळी माइक खरखरत नाही असं चर्च सापडणं कठीण. पाळकांना पहिल्या भेटीतच सांगून ठेवा की यांना साउंडचं काम जमेल. शिफ्ट सकाळची असेल त्या रविवारी संध्याकाळची उपासना कुठे असते, हेही त्याच भेटीत विचारा.